ओ न दिलेल्या हाका

पहिली हाक रुक्माबाईला ऐकू आली होती. दुसरीही आली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे महिनाभर गावात जी बोलाचाली झाली तिच्यात एवढी एकच गोष्ट कुणी बोललं नाही. जिला बोलता येत होतं ती मूग गिळून बसली होती.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले आणि पाऊस आला. तोही शिंतोड्याचा नाही, चांगला तीन दिवस, गडगडाटासकट. कापून आडवा पडलेला मका शेतातच भिजला, कणसांना कोंब फुटले. वेचायला आलेला कापूस बोंडातच काळा पडला. पिंपळनेरच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून असलेल्या त्या गावात शेतवाल्यांनी कपाळाला हात लावला. ज्यांना शेतच नव्हतं त्यांची मजुरी बंद झाली. भिकन आणि रुक्माबाई, दोघं नवरा-बायको, तीन दिवस घरात बसून गळणाऱ्या पत्र्याखाली भांडी सरकवत राहिले. भिकन साठीचा, उंच, तोंडाने फटकळ. रुक्माबाई त्याच्या खांद्याला लागायची आणि चार वाक्यांच्या जागी एक बोलायची. मुलगा प्रशील भुसावळकडे वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली होता, महिन्याकाठी यायचा.

चौथ्या दिवशी उजाडताना आभाळ निवळलं. रुक्माबाई अनवाणी अंगणात आली, ओल्या मातीत टाच दाबून बघितली आणि आत येऊन म्हणाली, "अळंबी उनी व्हई."

"कार्तिकमा?" भिकन अंथरुणातूनच म्हणाला. "डोकं फिरनं का तुनं?"

"तीन दिन आभाय गाजनं. जमीन कोमट शे."

अळंबी श्रावण-भादव्यातली. कार्तिकात ती दहा-बारा वर्षांतून एखाद्या वेळी येते, आणि आली की पिंपळनेरच्या बाजारात माणसं पाटीभोवती गोळा होतात. तीन दिवस चुलीवर नुसती मुगाची डाळ चढत होती. रुक्माबाईने पाटी घेतली, तिच्या तळाला सागाची पानं घातली आणि डोक्याला फडकं बांधलं.

"मी बी येस," भिकन म्हणाला.

"तुम्ही नका येऊ. तुम्ही बोलतस."

"नही बोलत."

"दर साल हाईच सांगतस."

बोलण्याची गोष्ट अशी होती. गवतातली अळंबी कुणीही खुडावी, पण साग-पळसाच्या उतारावर एक वारूळ होतं, तिथली अळंबी भिकनच्या घरची. ते वारूळ सासूने सुनेला दाखवायचं. मुलाला नाही, लेकीला नाही. भिकनच्या आईने रुक्माबाईला दाखवलं, तेव्हाच दोन-तीन गोष्टी सांगितल्या. लोखंड लावायचं नाही, लाकडी चपट्या काडीने मुळापासून मोकळी करायची. बारकी मुकी कळी ठेवून यायची. आणि वारुळाशी तोंड उघडायचं नाही. नावाने हाक आली तरी ओ द्यायचा नाही. ओ दिला की वारूळ पुढच्या साली गप्प बसतं.

भिकनला याचं हसू यायचं. विहाराच्या बांधकामात त्याने स्वतः विटा वाहिल्या होत्या, घरातले देव त्याच्या बापाने नदीत सोडले होते. "देव सोडात, उपास सोडात, नवस सोडात," तो म्हणायचा, "हाई एक कसाले धरी ठेवं तू?"  वारूळ चाळीस वर्षं देत होतं, एवढंच रुक्माबाईला ठाऊक. मग भिकन तिची गंमत करायचा. दर पावसाळ्यात टेकडीच्या धारेवर उभा राहून हाका मारायचा. रुक्मे, तुना भाऊ उना. रुक्मे, गाय सुटनी. दोन वर्षांपूर्वी तर "साप, साप" म्हणून ओरडला होता. रुक्माबाई तोंडात पदराचा बोळा कोंबून हसायची आणि खुडत राहायची. ओ मात्र तिने एकदाही दिला नव्हता. परत आल्यावर ती त्याच्या पाठीत एक धपाटा घालायची, तो म्हणायचा, मरी गई का मुकी. त्यांच्यातला एवढाच काय तो लाडीगोडीचा प्रकार.

शेवटी तो आलाच. प्रशीलने घेऊन दिलेला मोबाईल खुंटीलाच राहिला. डोंगराआड रेंज नसायची म्हणून तो कुणी न्यायचं नाही.

वर गवत कमरेएवढं, वाळत आलेलं आणि पावसाने आडवंतिडवं झोपलेलं. कुसळं लुगड्यात, पोटऱ्यांत, भिकनच्या पायजम्यात घुसत होती. दोघं थांबून कुसळं उपटायचे, पुन्हा चालायचे. धारेवर एका पळसाजवळ रुक्माबाई थांबली.

"आठेच फिरा. गवतमा धुंडा. खाले येऊ नका."

"नही येत. चाळीस साल नही उनू, आते काय."

ती पलीकडच्या उताराने खाली उतरली. सागाची पडलेली पानं ओली होती, त्यांचा आवाज होत नव्हता. वारूळ दिसलं आणि ती क्षणभर उभीच राहिली. भोवती हात-दोन हातांच्या गोलात राखी-पांढऱ्या टोप्या जमीन फोडून वर आल्या होत्या, मधोमध टोकदार, काही उघडलेल्या, काही मुठीसारख्या मिटलेल्या. कणकेचा वास येत होता. इतकी अळंबी तिने श्रावणातही पाहिली नव्हती. पाटी भरून उरली असती. ती गुडघ्यांवर बसली, काडी मातीत घातली, देठ दोन बोटांत धरून हलकेच फिरवला. हातभर लांब मूळ सगळंच्या सगळं बाहेर आलं. तिला फार बरं वाटलं.

खाली वळणावर सातच्या एसटीने हॉर्न दिला. त्यानंतर थोड्याच वेळात पहिली हाक आली.

"रुक्मेऽऽ"

रुक्माबाई हसली. सुरू झालं म्हणाली मनात.

दुसरी हाक यायला जरा वेळ लागला. "रुक्मे, ये वं, वर ये." हीही नेहमीचीच. तिने पदर तोंडात धरला, सवयीने. पाटीत एक थर झाला होता, तिने त्यावर पानं अंथरली.

तिसरी हाक वेगळी होती. बारीक होती. तिच्यात नाव नीट नव्हतं, नुसतं "मेऽ" असं काहीतरी वाऱ्याबरोबर खाली आलं. रुक्माबाईचा हात थांबला. मान वर करून तिने धारेकडे बघितलं. वर गवत आणि आभाळ, बाकी काही दिसलं नाही. आता ही नवी सोंगं, असं तिला वाटलं. आणि वाटलं ते पुरतं खरं वाटलं नाही, हेही तिला त्याच वेळी कळलं. समोर पंधरा-वीस टोप्या उरल्या होत्या. दुपारपर्यंत त्यांत किडे पडले असते. तिला राग नव्हता, हावही म्हणावी तशी नव्हती. हात कामात होता, तो कामाकडे परत गेला.

चौथी हाक आली नाही. ती पाटी भरून, मुक्या कळ्या ठेवून, लुगड्याला हात पुसून वर आली तेव्हा ऊन सागाच्या शेंड्याखाली उतरलं होतं. आठ कधीच वाजून गेले होते.

भिकन पळसाला पाठ लावून बसला होता. पायजम्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत वर, गुडघ्याखाली उपरणं घट्ट बांधलेलं. घोट्याच्या वर दोन टोचे आणि त्यांच्या भोवती पाय निळा-काळा सुजलेला, कातडी ताणून चकाकत होती. त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. ते तो सारखं थुंकत होता, बाजूच्या गवतावर लाल थुंकी पडली होती.

त्याने तिच्याकडे बघितलं, मग पाटीकडे.

"झायं का तुनं?" तो म्हणाला.

"काय झायं वो?"

"घोणस. गवतमा पाय पडना."

एवढंच. हाकेचं त्याने काही विचारलं नाही. तिला वाटलं, विचारेल. तिने त्याच्या काखेत खांदा घातला, डोक्यावर पाटी तशीच. वीस पावलांवर तोल गेला, दोघं बसलेच. भिकन म्हणाला, "ती पाटी ठेव आठेच." तिने ठेवली. पुढचा उतार ती त्याला कधी धरून, कधी ओढून, कधी बसत बसत खाली घेऊन आली. तो जिथे बसला तिथल्या दगडाला रक्त लागत होतं. अर्ध्या वाटेत त्याला ओकारी आली. सडकेपाशी पोचायला तास-सव्वा तास लागला.

हाशमचा टेम्पो समोरूनच आला. हाशम त्याच गावचा, पिंपळनेरच्या बाजारात भाजी पोचवायचा. त्या दिवशी गाडीत टमाट्याचे कॅरेट भरलेले होते, पाय ठेवायला जागा नव्हती. त्याने भिकनचा पाय बघितला आणि मागचा फाळका सोडून कॅरेट धडाधड सडकेच्या कडेला टाकायला सुरुवात केली. टमाटे फुटले, चाकाखाली गेले. "चढावा, अक्का, धरा त्यासले," तो म्हणाला. किराणा दुकानवाला सुकदेव मोटारसायकलवरून जाता जाता थांबला, काय झायं म्हणून विचारलं आणि पुढे गेला.

पिंपळनेरला दवाखान्यात पोचले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा झाले होते. तरुण डॉक्टरणीने पायाला बांधलेलं सोडलं, सुई लावली, कागद पुढे घेतला.

"किती वाजता चावला?"

 खरं सांगायचं तर मधला तास सांगावा लागणार होता. तू कुठे होतीस, हे पुढचं विचारणं होतं.

"आत्तेच," ती म्हणाली. "नऊ वाजे. सडकना कडेले."

डॉक्टरीण भिकनकडे वळली. "बाबा, नऊ का?"

भिकनने डोळे उघडले. त्याने रुक्माबाईकडे बघितलं नाही.

"हां," तो म्हणाला. "नऊ."

कागदावर नऊ लिहिलं गेलं.

तिथून धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे पंधरा दिवस काढले. लघवी बंद झाली तेव्हा तीन वेळा रक्त धुतलं. पायाचं मांस काळं पडून गळायला लागलं, आणि दहाव्या दिवशी गुडघ्याखालून पाय काढला. प्रशील भुसावळहून आला होता, खाडे पडत होते तरी थांबला. मोठे डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "नऊला चावून दहाला औषध मिळालं, तर एवढं सहसा होत नाही. वेळ कुठेतरी गेलाय." प्रशीलने ते वाक्य डोक्यात घट्ट धरून ठेवलं. तो कामावर मीटरचे आकडे लिहिणारा. नऊ ते दहा, त्यात पिंपळनेरचा रस्ता वीस मिनिटांचा. मग चाळीस मिनिटं कुठे गेली?

गावात पोचल्यावर त्याला उत्तर मिळालं. सुकदेव दुकानाच्या ओट्यावर बसूनच म्हणाला, "मी मना डोयाघाई देखं. तुना बाप सडकवर पडेल, आन तो मिया कॅरेट उतारत व्हता. एक एक करीसन."

कॅरेट उतरवत होता, हे खरंच होतं. म्हणूनच ते खोटं उचलायला कुणाला जड गेलं नाही. प्रशीलने चौकात हाशमचा टेम्पो अडवला आणि नको नको ते बोलला. हाशम खाली उतरला, ऐकून घेतलं, एकदा म्हणाला, "भाऊ, मी फेकी दिधात कॅरेट, उतारात नही," आणि गाडीत चढला. दुसऱ्या दिवशी तीन जणांनी आपली भाजी दुसऱ्या गाडीत घातली. आठ दिवसांत सगळ्यांनीच घातली. टेम्पो हाशमच्या घरासमोर उभा राहिला, त्याच्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

भिकन घरी आल्यावर हाशम बघायला आला. हातात केळी होती. प्रशील दारात उभा राहिला, आत ये म्हणाला नाही. आत भिकन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. जागा होता की झोपलेला ते कळत नव्हतं. रुक्माबाई तांब्या घेऊन आली ती प्रशीलच्या मागेच थांबली.

"अक्का," हाशम तिच्याकडे बघून म्हणाला, "तुम्हीच सांगा. सडकवर मी कितला वाजे उनू?"

रुक्माबाईने तांब्या या हातातून त्या हातात घेतला.

"माले घड्याय समजस नही, भाऊ."

हाशमने मागे वळून आभाळाकडे बघितलं.

"सूर्य तं समजस ना, अक्का," तो म्हणाला. केळी त्याने ओट्यावर ठेवली आणि गेला. ती तिथेच काळी पडली. प्रशीलने हात लावला नाही, रुक्माबाईचीही लावायची छाती झाली नाही.

मजुरी पुन्हा सुरू झाली. अमृतच्या वावरात कांद्याची लागण होती. बायका ओल्या वाफ्यात उकिडव्या बसून रोपं खोचत होत्या, बोटं गारठून वाकडी होत होती. त्यांच्यात हाशमची बायको हुस्नबानो होती. ती याआधी कधी कुणाच्या वावरात आली नव्हती. तिला रोप किती खोल खोचायचं ते कळत नव्हतं, ओळ सापासारखी वाकडी जात होती. अमृत बांधावरून ओरडला, "ती ओळ कोनी केल शे? उपटा बठ्ठी." हुस्नबानो काही न बोलता उपटायला लागली. रुक्माबाई तिच्या शेजारी सरकली आणि ओळ सरळ करायला लागली.

बराच वेळ दोघी खाली मान घालून खोचत राहिल्या.

"त्या दिन घर उनात तं कपडास्ले बठ्ठं रगत," हुस्नबानो म्हणाली. "मी इचारं, माल कोठे शे. तं म्हनतस, फेकी दिधा, मानूस जात व्हता." ती थांबली. "आते घरमा बठी ऱ्हातस. कोनशी बोलतस नही. पोरीशी बी नही."

तिने विचारलं काहीच नाही. विचारलं असतं तर रुक्माबाईला खोटं तरी बोलता आलं असतं. ती नुसती चिखलात बोटं घालत राहिली आणि तिला स्वतःची शिसारी आली.

रविवारी विहारात वंदना होती. प्रशील पुढे बसला होता, बायका उजव्या अंगाला. सगळे एका सुरात पंचशील म्हणत होते. चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या शीलाशी, रुक्माबाईचं तोंड मिटलं. शेजारणीने बघितलं. रुक्माबाईने खोकला आल्यासारखं केलं. चाळीस वर्षांत या शब्दांवर ती कधी अडखळली नव्हती.

सोमवारी प्रशीलने अर्ज लिहून आणला. पोलिसांत द्यायचा होता. हाशमने जाणूनबुजून उशीर केला, त्यामुळे वडिलांचा पाय गेला, असं त्यात होतं. साक्षीला सुकदेव आला होता, खुर्चीवर पाय हलवत बसला होता. प्रशीलने सगळा अर्ज वाचून दाखवला, भिकनला उठवून बसवलं, पाठीला गोधडी दिली आणि हातात पेन दिलं.

"आबा, आठे सही करा."

भिकनने कागदाकडे बघितलं. मग दारात बसून मक्याचे दाणे काढणाऱ्या रुक्माबाईकडे बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्याने तिच्याकडे सरळ बघितलं होतं. आणि त्याने पेन कागदावर टेकवलं.

तो सही करणार होता. तिच्यासाठी करणार होता. हे रुक्माबाईला त्या बघण्यातच कळलं, आणि कळल्यावर तिला तिथे बसवेना.

"सही करू नका," ती म्हणाली.

"माय, तू मधमा बोलू नको," प्रशील म्हणाला.

"नऊ वाजे नही चावना. सातनी येष्टी गई, मंग चावना. हाशमनी काही चूक नही. त्यासनी माले हाका मारी. तीन."

प्रशील तिच्याकडे वळला. "तू कोठे व्हती?"

"वारूयवर."

"आयकू नही उनं?"

"आयकू उनं."

मक्याचे दाणे सुपात पडायचे थांबले होते. बाहेर कुणीतरी मोटार सुरू केली, तिचा आवाज तेवढा येत होता.

"मंग?" प्रशील म्हणाला.

"मंग काही नही. मी खुडत व्हती."

"खोटं बोलस ती," भिकन एकदम म्हणाला. आवाज चढला, पाठची गोधडी घसरली. "मी हाकच नही मारी. मी बेसुध व्हतू. डोकं फिरनं तिनं."

"तिसरी हाक तुमनी बारीक व्हती," रुक्माबाई म्हणाली. "माले समजनी व्हती."

 भिकनने हातातलं पेन खाटेवर ठेवलं, ते घरंगळून खाली पडलं. ते उचलायला कुणी वाकलं नाही. सुकदेव खुर्चीवरून उठला, टोपी झटकली. "मंग हाई तं घरनीच भानगड शे," तो म्हणाला आणि चप्पल घालून निघाला. त्याची चाल नेहमीपेक्षा झपाझप होती. दिवस मावळायच्या आत गावभर झालं.

प्रशील त्या दिवशी आईच्या हातचं जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने भुसावळला निघाला. बापाला म्हणाला, आबा, चाला मनासंगे. भिकन नाही म्हणाला. आईला तो काही बोलला नाही. अर्ज त्याने फाडून चुलीत घातला होता. हाशमच्या दारी मात्र गेला नाही.

तिथे रुक्माबाई एकटी गेली. हाशम ओट्यावर बसून बादलीची कडी ठोकत होता. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. तो ठोकायचा थांबला नाही.

"समजनं माले," तो म्हणाला. "मी तुमना दारमा उभा ऱ्हाईसन इचारं व्हतं, अक्का. तव्हय सांगतं असतं."

"चुकनं मनं."

"लोके दुसरा टेम्पोले लागी ग्यात. आते त्यास्ले माघारी कोन आनी?"

हुस्नबानोने आतून पाणी आणून दिलं. रुक्माबाईने ते पिऊन तांब्या ओट्यावर ठेवला. बस असं कुणी म्हणालं नाही. ती परत आली.

घरी भिकन बोलायला तयार बसला होता. आवाज चढवून नाही, अगदी बेताने बोलला.

"मी मरी जातू तरी सांगतू नही. तू काबरं सांगं?"

"त्या मानूसनी काही चूक नव्हती."

"मनी व्हती का?"

रुक्माबाई उंबरठ्याशी खाली बसली.

"पाय गया," भिकन म्हणाला. "मी म्हनं, जाऊ दे. साप कोनले सांगीसन येस का. तुले बी माहीत, माले बी माहीत, भागनं व्हतं. आते बठ्ठा गावले माहीत शे, का भिकन हाका मारत पडना व्हता आन त्यानी बायको अळंबी खुडत व्हती." त्याने भिंतीला टेकवलेल्या कुबडीकडे बघितलं. "आते मी कोठे तोंड दखाडू?"

तो खोटं काही बोलत नव्हता. विहारासमोरच्या पारावर भिकन कुबडी टेकत एकदाच गेला. तिथे कुणीतरी म्हणालं, भिकन, एक हाक मारी देख, येस का कोनी. सगळे हसले, वाईट मनाने नाही, गंमत म्हणून. भिकनही हसला. मग तो उठून घरी आला आणि पुन्हा पारावर गेला नाही.

त्याने रुक्माबाईला कधी शिवी दिली नाही, ताट सरकवलं नाही. ती जखम धुवायची तेव्हा पाय पुढे करायचा. काही विचारलं तर हो-नाही म्हणायचा. पण स्वतःहून काही मागेना. पाणी लागलं तर कोपऱ्यातल्या माठापर्यंत घसटत जायचा. अंगावरचं पांघरूण खाली पडलं तर तसाच कुडकुडत पडायचा. रुक्माबाईने तांब्या खाटेजवळ ठेवला, भांडं जवळ ठेवलं, चार-चारदा येऊन विचारायला लागली. तिला काम सुचेनासं झालं. ती मजुरीला गेली तरी अर्ध्या दिवसात परत यायची.

पौषातली एक दुपार. रुक्माबाई घराच्या मागच्या भिंतीला लागून सरपण फोडत होती. भिंत कुडाची, आत कुणी खोकलं तरी बाहेर कळायचं. दोन तास तिने कुऱ्हाड चालवली, मध्ये मध्ये थांबून कान दिला. आत शांत होतं. झोप लागली असेल, असं तिला वाटलं.

ती सरपणाची मोळी घेऊन पुढे आली. भिकन मोरी आणि उंबरठ्याच्या मध्ये कुशीवर पडला होता. कुबडी दूर गेली होती. लघवीने धोतर भिजून थंड झालं होतं. कापलेला पाय खाली आपटून पट्टीतून रक्त आलं होतं, आणि त्याच्यावर माश्या बसल्या होत्या. ओठ त्याने दातात धरले होते. डोळे उघडे होते.

रुक्माबाईच्या डोक्यावरून मोळी खाली पडली.

"कव्हयपाशीन पडेल शेतस?"

"तू कुऱ्हाड लिधी तव्हयपाशीन."

ती त्याच्याजवळ बसली.  "मी आठेच व्हती वो. भीतनी पल्याड. हाक काबरं नही मारी?"

भिकनने ओठ दातांतून सोडले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने थोडा विचार केला आणि, ज्याचं उत्तर त्याला स्वतःलाच सापडत नव्हतं असं काही विचारावं तसं, हळूच म्हणाला,

"कोनले मारू?"